चौथ्या थप्पीतलं पोतं

"चार वाजता कागद राजधानीला जाणार. ते एकदा गेले की लंबू संपला," मुकादमबाई म्हणाली आणि कोणी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसली.

शनिवारचे सकाळचे दहा वाजत आले होते. खिडकीखालून मोर्चा चालला होता. शेजारच्या देशाचं आपण काय काय करणार आहोत, हे लोक घसा ताणून सांगत होते.

"भाऊजी, खिडकी लावा," वहिनी म्हणाल्या. "आणि वही घ्या."

वहिनींचा धंदा खासगी तपासाचा. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, निवृत्त पोस्टमास्तर. ते त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळं गाव वहिनी म्हणू लागलं. भाऊजींचं डोकं सावकाश चालायचं, पण कानावर पडलेलं वाक्य ते जसंच्या तसं वहीत उतरवत. त्यात एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

"लंबू कोण?" वहिनींनी विचारलं.

"पलीकडचा ड्रायव्हर. अकरा वर्षं सरहद्दीच्या फाटकावर ट्रक आणतोय. उंच आहे म्हणून लंबू. मला मुकादम मावशी म्हणतो. खरी नावं आम्हाला एकमेकांची ठाऊक नाहीत."

"तो गावात येतो?"

"कसला येतो! रेषेवरच्या आवारात त्यांच्या ट्रकची पाठ आमच्या ट्रकच्या पाठीला लागते. माझी माणसं या ट्रकातली पोती त्या ट्रकात टाकतात. ड्रायव्हरने खाली पायसुद्धा ठेवायचा नाही. केबिनच्या दारावर कस्टमवाले कागदाची चिठ्ठी चिकटवतात. ती फाटली की दंड, आणि त्या ड्रायव्हरला महिनाभर फाटक बंद. बोलायचं ते खिडकीतून."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांची टोकं सोलली होती. "हे बघा. पलीकडची पोती बिनकानाची असतात. तिकडे पट्ट्यावरून सरकत येतात, हात लावावाच लागत नाही, म्हणून तोंड सरळ शिवतात. आम्ही पोतं शिवताना दोन्ही कोपऱ्यांना मुठीएवढा कान सोडतो, धरायला. लंबूला मी अकरा वर्षं सांगतेय, तुझ्या मालकाला सांग, कान ठेव. तो म्हणतो, मावशी, दोन सरकारांचं भांडण मिटेल, पण माझ्या मालकाच्या शिलाईवाल्याला नाही पटायचं."

भाऊजींना हसू आलं. मुकादमबाई हसली नाही.

पुढची हकिकत तिने भराभर सांगितली. गेल्या शुक्रवारी लंबूने मसुराची दोनशे चाळीस पोती आणली. ती कस्टमच्या शेडमध्ये गेली. कीड मारायला त्यांना ताडपत्री टाकून औषधाची धुरी दिली. या गुरुवारी ताडपत्री निघाली आणि अकरा वाजता कस्टमच्या साहेबांनी छापा घातला. एका पोत्यात साठ काडतुसं सापडली. लंबू त्याच वेळी पुढचा माल घेऊन आवारात उभा होता. त्याला केबिनमधून ओढून काढलं.

"दुसऱ्या दिवशी पेपरात काडतुसांचा फोटो. दुपारी मंत्री म्हणाले, शेजारी पोत्यांतून युद्ध पाठवतोय. संध्याकाळी पलीकडच्यांनी आपलं सिमेंट अडवलं. पुढच्या आठवड्यात दहा वर्षांच्या व्यापार कराराची सही होती. ती गेली खड्ड्यात." तिचा आवाज चढला. "दोन्हीकडचे मोठे लोक भाषणं करतायत, आणि माझी तीनशे माणसं फाटकाबाहेर हात बांधून बसलीत. तेही सोसलं असतं. पण लंबूवर हेरगिरीचं कलम लागलं तर त्याला पुन्हा उजेड दिसणार नाही. त्याने हे केलेलं नाही."

"कशावरून?" भाऊजींनी विचारलं.

"ते शोधायला तर तुमच्याकडे आले," मुकादमबाई म्हणाली. "मलाच कळलं असतं तर जिना कशाला चढले असते?"

वहिनी उठल्या. "शेडचा रखवालदार कोण आहे?"

"माझा धाकटा भाऊ. पैलवान म्हणतात त्याला. आधी माझ्याच टोळीत होता, एका वेळी दोन पोती उचलायचा. तीन वर्षांपूर्वी पाठ मोडली, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून मी त्याला शेडच्या दारावर बसवला. तोही गुरुवारपासून जेवत नाही. डोकं धरून बसतो, खाल्लेलं उलटून पडतं. लंबूला धरलं, ते त्याच्या जिवाला लागलंय."

* * *

शेड पत्र्याचं होतं, लांबलचक आणि उंच छपराचं. दारात लोखंडी खुर्चीवर पैलवान बसला होता. खांदे अजून दारातून आडवं होऊन जावं लागेल असे, पण कंबरेला पट्टा आणि चेहरा राखेसारखा.

"गुरुवारी सकाळी आत कोण कोण गेलं?" वहिनींनी विचारलं.

"सात वाजता धुरीच्या बाईंनी ताडपत्री काढली. साडेसातला त्या बाहेर आल्या आणि दाराला पाटी लावली. अकरापर्यंत आत कोणी जायचं नाही, वारा खेळू द्यायचा. अकराला साहेब आले."

"मधल्या वेळात?"

"कोणी नाही. शेडला दार एकच, आणि मी खुर्चीवरून हललो नाही. चहासुद्धा इथेच आणून घेतला." त्याने छाती पुढे काढायचा प्रयत्न केला, पण कळ आली असावी. "माझ्या डोळ्यांदेखत माशी आत गेली नाही. लिहून घ्या."

भाऊजींनी लिहून घेतलं.

धुरीच्या बाई शेडच्या बाजूच्या खोलीत होत्या. किडकिडीत शरीराच्या, चष्मा लावलेल्या, आणि अतिशय रागावलेल्या. भिंतीवर तोंडाला लावायचे मुखवटे ओळीने टांगले होते.

"मलाच विचारा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "आत मी एकटी होते ना. दोन दिवस हेच चाललंय."

"धुरी म्हणजे नेमकं काय करता?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

"थप्प्यांवर ताडपत्री टाकायची, कडेला वाळूच्या पिशव्या लावायच्या, आत गोळ्या ठेवायच्या. गोळ्यांतून वायू निघतो. सहा दिवस तो पोत्यापोत्यात, दाण्यादाण्यात शिरतो. कीड मरते. ताडपत्री निघाल्यावरही तीन-चार तास आत गेलं तर माणसाला गरगरतं, ओकाऱ्या होतात. म्हणून पाटी." त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एक हातभर लांब टोकदार नळी टेबलावर आपटली. "आणि हे बघा. पोत्यात खुपसून नमुना काढायची पितळी नळी. शुक्रवारी सकाळी नवीकोरी दिली होती मी कस्टमच्या पोरांना. ती थप्पीवर विसरली ताडपत्रीखाली. आता ही अशी. दुसरी मागितली तर म्हणतात, सहा महिने थांबा."

नळी काळीठिक्कर पडली होती. भाऊजींनी ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि त्यांच्या बोटांना काजळी लागली.

"घासली की निघेल," ते म्हणाले.

"तुम्हीच घासा मग," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, माझं मत झालं. आत एकट्या याच होत्या. कडक आहेत, पण कडक माणसंच करतात असले उद्योग."

"तुम्ही मत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, भाऊजी. पुढच्या पानावर ऐकलेलं राहू द्या."

* * *

हा मसूर मागवणारे शेठ बाजारपेठेतल्या गोदामात बसत. वहिनी आणि भाऊजी गेले तेव्हा ते फोनवर होते. "धक्क्याला कधी लागतंय? मंगळवारी? सोमवारी नाही जमणार? बघा जरा." त्यांनी फोन ठेवला आणि लगेच चेहरा पाडला.

"माझा माल जप्त, माझं नाव पेपरात," शेठ म्हणाले. "सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं? माझं. मी तर तीन दिवस परगावी होतो, काल रात्री आलो. तिथे पेपर उघडला तर हे."

"पलीकडच्या लोकांशी तुमचं वाकडं होतं?"

"वाकडं कशाला? माणसं सरळ आहेत, सरकार वाकडं आहे. त्यांनी साखरेवर कर वाढवला, आपण त्यांच्या कापडावर वाढवला. आपल्या मंत्र्याला ते जेवायला बोलवत नाहीत, त्यांच्या मंत्र्याला आपण. मरतो कोण? व्यापारी." त्यांनी उसासा टाकला. "आणि नशीब कसं बघा, बाई. दोनशे चाळीस पोती, त्यात नेमकं खालून तिसरं पोतं साहेबांच्या हाताला लागावं. सापडायचंच होतं ते."

"फाटक बंद राहिलं तर मसूर महागेल?"

"महागेल ना. लोकांचे हाल होतील." शेठनी हे इतक्या दुःखाने म्हटलं की भाऊजींनी मान डोलावली.

गोदामाच्या मागच्या बाजूला चार माणसं भिंत झाडत होती, फळ्या मांडत होती. रिकाम्या गोदामात मोठ्या मालासाठी जागा होत होती.

* * *

कस्टमच्या साहेबांच्या ऑफिसाबाहेर गर्दी होती. आत साहेब एकटे, समोर तीन फोन. मुकादमबाई आधीच येऊन भिंतीला टेकून उभी होती.

"पाच मिनिटं," साहेब म्हणाले. "यांच्यासाठी म्हणून. यांच्या टोळीने माझ्या फाटकावर आजवर एक दाणा चोरलेला नाही."

"छाप्याची खबर कोणी दिली?"

"फोन आला. गुरुवारी दहा वाजता, बाजारातल्या सार्वजनिक फोनवरून. पुरुषाचा आवाज. चौथी थप्पी, कडेचं, खालून तिसरं पोतं."

"ही जागा आणखी कोणाला सांगितलीत?"

"कोणालाच नाही. माझ्या शिपायांनाही नाही. खबर इतकी नेमकी आहे हे फुटलं तर खबर देणारा अडचणीत येतो. म्हणून मी चारही थप्प्या उतरवल्या, पोती ओळीने मांडली, आणि मग आठ-दहा पोती चाचपून ते पोतं फाडायला लावलं. पेपरवाल्यांना सांगितलं, एका पोत्यात सापडली. बस."

"पोतं बघू शकतो?"

साहेबांनी कोपऱ्याकडे बोट केलं. भाऊजींनी जाऊन पोतं दोन कोपऱ्यांना धरून उचललं आणि टेबलाजवळ आणून ठेवलं. पोट उभं फाडून आतला मसूर काढून घेतलेला होता. तोंडाची शिलाई तशीच होती.

"आम्ही तोंड कधीच उसवत नाही," साहेब म्हणाले. "शिलाई पुरावा असते. पोट फाडायचं, हा नियम."

काडतुसं एका ट्रेमध्ये रांगेत मांडली होती. वहिनी वाकल्या. पिवळ्याधमक पितळेत त्यांना खिडकीचे गज दिसले, आणि गजांमागे बाहेरच्या गर्दीचे हात.

"ही कोणी पुसली?"

"पुरावा कोण पुसेल? पोत्यातून निघाली तशी ठेवलीत."

वहिनी सरळ झाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. भाऊजींना ते चांगलं ओळखीचं होतं. वहिनींना कोडं सुटलं की आनंद होत नसे, संताप येत असे.

"साहेब, तीन वाजता शेठना, धुरीच्या बाईंना आणि पैलवानाला इथे बोलवा. कागदांवर सही केली नसेल तर करू नका."

"वरून दर तासाला विचारतायत, बाई."

"मग त्यांना सांगा, अजून माल उतरतोय."

* * *

तीन वाजता खोलीत सात माणसं होती: साहेब, शेठ, धुरीच्या बाई, पैलवान, मुकादमबाई, वहिनी आणि वही घेतलेले भाऊजी. शेठ घड्याळ बघत होते.

"मी सावकाश सांगते," वहिनी म्हणाल्या. "एकेक पायरी. कुठे चुकले तर तिथेच थांबवा. सरकारचं म्हणणं असं, की ही काडतुसं पलीकडे पोत्यात भरली गेली, लंबूला ते माहीत होतं, आणि त्याने ती शुक्रवारी रेषेवर आणली. बरोबर?"

साहेबांनी मान हलवली.

"शुक्रवारीच पोती ताडपत्रीखाली गेली. गुरुवारी सकाळी ताडपत्री निघाली. धुरीच्या बाई, ती नळी द्या."

बाईंनी पिशवीतून काळी नळी काढून ट्रेशेजारी ठेवली. ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. त्यांनी काडतुसांकडे पाहिलं, मग नळीकडे. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"या दोन दिवसांत मला कोणी ही काडतुसं दाखवली असती तर," त्या म्हणाल्या. "फोटो काळापांढरा होता पेपरातला."

"तुम्हीच सांगा."

"धुरीचा वायू पितळ खातो, तांबं खातो. विजेच्या तारा खातो, मोबाइल बंद पाडतो, म्हणून मी घड्याळसुद्धा बाहेर ठेवते. ही नळी शुक्रवारी या काडतुसांसारखीच चमकत होती. सहा दिवस त्याच थप्पीवर राहिली आणि अशी झाली."

"आणि पोत्याच्या आत वायू पोचत नाही?" साहेबांनी विचारलं.

"पोचत नसेल तर मी पगार कशाचा घेते? दाण्याच्या पोटातली अळी मरते, साहेब."

"म्हणजे," वहिनी म्हणाल्या, "सहा दिवसांच्या धुरीत ही काडतुसं त्या पोत्यात नव्हती. ती गुरुवारी ताडपत्री निघाल्यावर आत गेली. त्याच्या सहा दिवस आधी लंबूचा ट्रक रिकामा होऊन परत गेला होता. तो निर्दोष आहे."

साहेबांनी नळी उचलून एका काडतुसाशेजारी धरली.

"दुसरी पायरी. हे पोतं भाऊजींनी मघाशी कसं उचललं?"

"कानांना धरून," भाऊजी म्हणाले. मग त्यांची लेखणी थांबली. "पण वहिनी, पलीकडची पोती तर..."

"पलीकडच्या पोत्यांना कान नसतात. साहेब, उरलेली दोनशे एकोणचाळीस पोती शेडमध्ये आहेत, बघून या. शुक्रवारी यातल्या एकाला जरी कान असता तरी मुकादमबाईंच्या माणसांच्या बोटांना कळला असता. या पोत्याचं तोंड आपल्या बाजूला उसवलं आणि आपल्या बाजूला शिवलं. शिवणाऱ्याने फार विचार केला नसेल. घाई होती. पण पोतं शिवायला घेतलं की ज्याचा हात आपोआप कोपऱ्याला कान सोडतो, असा तो माणूस आहे."

मुकादमबाई भिंतीपासून पुढे आली. तिने पोत्याचा कान हातात घेतला. सुतळीचे वेढे अंगठ्याने मोजले. टोक कुठे आत खोचलंय ते पाहिलं. कान तिने सोडला नाही, आणि कोणाकडे पाहिलंही नाही.

"तिसरी पायरी," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज धारदार झाला. "सात ते अकरा. आत दोघंच जाऊ शकत होते. एक धुरीच्या बाई. पण वायू पितळ खातो हे त्या झोपेतही विसरणार नाहीत. त्यांनी धुरीतून निघालेल्या पोत्यात चकचकीत पितळ टाकलं नसतं. राहिलं दार. शेडला दार एकच. दारावर बसलेला माणूस म्हणतो, मी हललो नाही, माझ्या डोळ्यांदेखत माशी आत गेली नाही. भाऊजींनी लिहून घेतलंय. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. बाहेरचं कोणी आत गेलं नाही. तोच गेला."

पैलवान उठायला गेला. पाठीने त्याला उठू दिलं नाही.

"वारा खेळायच्या आधी गेला. कडेच्या पोत्याचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं, ते उसवलं, थोडा मसूर काढला, पुडकं आत सारलं, शिवलं. तेवढा वेळ तो वायू छातीत भरत राहिला. त्या दिवसापासून डोकं दुखतंय, अन्न उलटून पडतंय. त्याच्या बहिणीला वाटलं, मित्रासाठी झुरतोय."

"ताई," पैलवान म्हणाला.

मुकादमबाई वळली. "सुतळी तीन वेढे आणि टोक डावीकडून आत. मी शिकवलं तुला. सोळा वर्षांचा होतास." तिचा आवाज अगदी खाली होता. "कोणी सांगितलं तुला हे?"



"ते मी सांगते," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, शेठ पोत्याबद्दल काय म्हणाले ते वाचा."

भाऊजींनी पान उलटलं. "दोनशे चाळीस पोती, त्यात नेमकं खालून तिसरं पोतं साहेबांच्या हाताला लागावं."

मग साहेब सावकाश शेठकडे वळले. "मी चारही थप्प्या उतरवल्या होत्या. ते पोतं कुठून आलं हे मला आणि फोनवरच्या माणसाला ठाऊक आहे."

"मी पेपरात वाचलं," शेठ म्हणाले.

"पेपरात नव्हतं."

"मग कोणी तरी बोललं असेल. मी परगावी होतो. आणि माझाच माल मी का बुडवीन? डोकं फिरलंय का माझं?"

"डोकं उत्तम चालतं तुमचं," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी धक्क्याला काय लागतंय? लांबच्या देशातून मसूर भरून जहाज येतंय ना? फाटकावरून स्वस्त माल येत राहिला तर तो जहाजातला मसूर कोण घेणार? दोनशे चाळीस पोती बुडाली तर बुडू देत. फाटक बंद होऊ दे. करार मोडू दे. बंदरावर चौकशी केली तर दहा मिनिटांत कळेल, माल कोणाच्या नावे आहे. गोदाम तर तुम्ही झाडून ठेवलंच आहे. दोन देशांना भांडायची सवय लागलीय, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. पुढचं काम मंत्र्यांनी फुकटात केलं."

शेठ दाराकडे निघाले. साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि शेठ परत बसले.

"बोल," मुकादमबाई भावाला म्हणाली.

"पुडकं यांनी दिलं, बुधवारी. मग गावाला गेल्याचं दाखवलं. फोनही मीच करतो म्हणाले. बंदरावर कायमची नोकरी देतो म्हणाले, बसून करायची." पैलवानाच्या कपाळावर घाम होता. "म्हणाले, फाटक महिनाभर बंद राहील, मग आपोआप उघडेल. नेहमीसारखं. आपल्या कोणाला काही होणार नाही, ताई. आपल्या कोणालाच नाही."

"आणि लंबू?"

"तो पलीकडचा आहे."

मुकादमबाईने हात उगारला. तो तसाच वर राहिला. मग तिने तो खाली घेतला.

"तुझ्या अंगावर थप्पी कोसळली तेव्हा चिठ्ठी फाडून केबिनमधून खाली कोण उतरलं? माझी माणसं कस्टमवाल्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, पुढे व्हावं की नाही म्हणून. त्याने पोती उपसली. त्याने दंड भरला, महिना घरी बसला. तुला आजपर्यंत एकदा विचारावंसं वाटलं का, त्या महिन्यात त्याच्या घरी काय शिजलं?"

पैलवान रडायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण जवळ गेली नाही.

टेबलावरचा मधला फोन वाजला. साहेबांनी उचलला. पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता, शब्द नव्हे, पण चढणारा सूर. "हो सर. कागद येतायत. पण वेगळे. नाही सर, भाषण तयार असलं तरी... सर, पितळ काळं पडतं, त्याला मी काय करू?" त्यांनी फोन ठेवला आणि घाम पुसला. "म्हणतात, निष्कारण घाई केलीत."

"दोन दिवस ते शांत झोपले होते त्या घाईवर," वहिनी म्हणाल्या. "फाटक कधी उघडणार?"

"ते माझ्या हातात नाही. पलीकडचे म्हणतील, आधी माफी मागा. आपले म्हणतील, आधी सिमेंट सोडा. आठवडा जाईल, कदाचित जास्तच. माझ्या हातात माणूस आहे. तो मी सोडतो." त्यांनी कोरा कागद ओढला. "मुकादमबाई, शिलाई ओळखल्याचं तुमचं निवेदन लागेल. त्याशिवाय रखवालदाराची कबुली उद्या फिरवतील."

त्यांनी लिहायला घेतलं, आणि मध्येच लेखणी उचलली. "आरोपीशी नातं, असा रकाना आहे. रिकामा ठेवला तरी चालतो."

"रिकामा कशाला? सख्खा भाऊ लिहा." मुकादमबाई टेबलाजवळ आली. "आणि पहिलं नाव शेठचं घाला. एकट्या पैलवानाचं नाव आलं तर मी सही करणार नाही. खालचा माणूस हाताला लागला की वरचे सुटतात, तीस वर्षं बघतेय मी."

साहेबांनी तो कागद बाजूला सारून दुसरा घेतला. पहिल्या ओळीत शेठचं नाव लिहिलं. मुकादमबाईने अक्षरांवर बोट ठेवत सगळं वाचलं, शेवटपर्यंत, आणि सही केली.

"बाहेर गर्दी आहे," साहेब म्हणाले. "लंबूला अंधार पडल्यावर सोडू. गुपचूप, मागच्या दाराने."

"दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर ओढून नेला होता," मुकादमबाई म्हणाली. "आत्ता सोडा, पुढच्या दाराने. रेषेपर्यंत मी चालते त्याच्याबरोबर. कोणाला दगड मारायचा असेल तर आधी मला मारू दे."

वहिनींनी भाऊजींच्या हातातली वही घेऊन मिटली आणि त्याही उठल्या.